यादी करावी, पण मोजून पाहावी

हजेरीपट ही शिक्षकाच्या हाती येणारी पहिली यादी होय. दररोज सकाळी प्रार्थना आटोपली की तो उघडावयाचा, एकेक नाव घ्यावयाचे, 'हजर' हा शब्द कानी पडेपर्यंत थांबावयाचे आणि मग पुढील नावाकडे वळावयाचे, हा क्रम इतका अंगवळणी पडलेला असतो की त्यात काही विचार करण्यासारखे आहे, असे कोणाच्या मनातही येत नाही. यादी म्हणजे काय, असे मला वर्षापूर्वी कोणी विचारले असते, तर मी हसून हजेरीपटाकडे बोट दाखविले असते. परंतु गेल्या पावसाळ्यात एक लहानशी गोष्ट घडली आणि तिने मला या विषयाचा पुन्हा प्रारंभापासून विचार करावयास लाविले. तोच विचार आज विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहे.

आमच्या शाळेत आठवीच्या वर्गास पायथन नावाची संगणकभाषा शिकविली जाते. हे नाव ऐकून पालकांपैकी कित्येकांस अजगर आठवतो. परंतु हॉलंडमधील गिडो व्हॅन रॉसम या गृहस्थांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत ही भाषा रचावयास घेतली, तेव्हा त्यांच्या मनात अजगर नसून इंग्लंडातील 'मॉन्टी पायथन' ही विनोदी नटमंडळी होती. १९९१ साली ती भाषा जगापुढे आली. त्यापूर्वी आम्स्टरडॅम येथील एका संशोधनसंस्थेत नवशिक्यांकरिता 'एबीसी' नावाची सुबोध भाषा तयार करण्याच्या कामी त्यांचा हात होता, आणि त्या अनुभवाचा लाभ पायथनला झाला. ती वाचावयास सोपी आहे, व म्हणूनच पुष्कळ ठिकाणी ती मुलांच्या हाती दिली जाते.

या भाषेत बेरीज-वजाबाकी व अटी शिकून झाल्या की मुलांस जो पहिला मोठा विषय भेटतो, तो म्हणजे यादी. चौकटी कंसात स्वल्पविराम देऊन नावे लिहिली की यादी झाली. 'अपेंड' म्हटले की शेवटी एक नाव जोडले जाते, 'रिमूव्ह' म्हटले की गळते, 'सॉर्ट' म्हटले की सारी नावे क्रमाने लागतात, आणि 'लेन' म्हटले की एकूण किती, हे कळते. या विषयाचे महत्त्व जाणत्यांनी फार पूर्वीच ओळखले होते. अमेरिकेत जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली ज्या 'लिस्प' भाषेचा पाया घातला, तिचे नावच मुळी यादीवरून पडलेले आहे. आणि १९६७ मध्ये खास बालकांसाठी निघालेल्या 'लोगो' भाषेतही यादीस मानाचे स्थान होते. शब्द, वाक्य, हजेरी, हिशेब, दुकानातील माल, रुग्णालयातील रोगी, असे व्यवहारातील जे जे एकापुढे एक मांडता येते, ते सर्व संगणकास यादीच्या रूपानेच समजावून द्यावे लागते.

आता ती गोष्ट सांगतो.

आमच्याकडे चऱ्होली, वडमुखवाडी, डुडुळगाव, मोशी, दिघी, आळंदी अशा निरनिराळ्या गावांहून मुले येतात. पावसाळ्यात इंद्रायणीस पाणी चढले की शाळा लवकर सोडावी लागते, आणि त्या वेळी मुलांचे गावनिहाय गट करून प्रत्येक गट एका शिक्षकाबरोबर धाडण्याची आमची रीत आहे. या वर्षी आठवीच्या मुलांनी मोठ्या हौसेने हे काम संगणकावर घेतले. प्रत्येकाने आपले नाव व आपल्या गावाचे नाव स्वतः टंकित केले, आणि ज्या गावाचे नाव सांगावे, त्या गावच्या मुलांची यादी काढून देणारी आज्ञावली वर्गाने मिळून लिहिली. ती दहा ओळींचीही नव्हती. मला तिचा अभिमान वाटला, हे कबूल केले पाहिजे.

पुढे खरोखरच तसा पावसाचा दिवस आला. मी ऐटीत संगणकास चऱ्होलीची मुले विचारली. त्याने नऊ नावे दिली, मी ती मोठ्याने वाचिली, आणि नऊ मुले दप्तरे घेऊन उभी राहिली. इतक्यात एक मुलगा ओरडला, "सर, माझे नाव राहिले!" मी त्याचे नाव पेन्सिलीने खाली लिहिले आणि गट वाटेला लाविला. अर्ध्या तासाने शिपाईमामा एका मुलीस घेऊन माझ्याकडे आले. ती वर्गात बाकावर एकटीच बसून होती. तीही चऱ्होलीचीच. "तू बोलली का नाहीस?" असे मी विचारले, तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, "सर, यादीत माझे नाव नव्हते. मला वाटले, माझे काहीतरी चुकले असेल."

मी स्वतः छत्री घेऊन तिला घरी पोहोचविले. तिची आई दारात उभी राहून वाट पाहत होती. त्या माउलीने मला एका शब्दानेही बोल लाविला नाही, त्यामुळे मला अधिकच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सर्वांनी मिळून चुकीचा शोध घेतला. मुलाची चूक लवकर सापडली. त्याने गावाच्या नावापुढे एक कोरी जागा सोडली होती. डोळ्यांस ती दिसत नाही, परंतु यंत्राच्या लेखी कोरी जागा हेही एक अक्षरच होय. मुलीची चूक अधिक सूक्ष्म होती, आणि ती आपल्या गावाच्या नावातच दडलेली होती. 'चऱ्होली' या शब्दात जो ऱ आहे, तो मराठीचा खास ऱ. 'वऱ्हाड', 'कऱ्हाड', 'तऱ्हा' यांत तो येतो, आणि 'सूर्य' किंवा 'अर्ह' यांतील रफाराहून तो निराळा आहे. जगातील सर्व लिप्यांच्या अक्षरांस क्रमांक देणारी युनिकोड नावाची जी व्यवस्था आहे, तीत साध्या र चा क्रमांक २३५२ व या ऱ चा २३५३ आहे. टंकफलकावर ऱ ची किल्ली शोधावी लागते. मुलीला ती सापडली नाही, म्हणून तिने साधा र वापरिला, आणि तिच्या गावाचे नाव 'चर्होली' असे उमटले. केवळ एका आकड्याचा फरक! तुम्हां-आम्हांस दोन्ही एकच गाव. यंत्रास मात्र ती दोन निराळी गावे, आणि त्यांपैकी दुसऱ्या गावाविषयी त्याला कोणी विचारलेच नव्हते.

येथे यंत्रास दोष देण्यात अर्थ नाही. त्याला जे विचारले, त्याचे त्याने खरे उत्तर दिले. मुलीसही दोष देता येत नाही. दोष माझा होता, आणि तो दुहेरी होता. चऱ्होलीची मुले अकरा आहेत, हे मला ठाऊक असता मी डोकी मोजली नाहीत, ही पहिली चूक. ओरडणाऱ्या मुलाचे नाव हाताने लिहिले, परंतु हे नाव गळले कसे आणि याच रीतीने आणखी कोणाचे गळले असेल काय, हा प्रश्न विचारला नाही, ही दुसरी. आणि माझ्या मते हीच अधिक मोठी होय. ज्याला ओरडता आले, त्याचे काम झाले. जिला ओरडता आले नाही, ती बाकावर बसून राहिली.

या प्रसंगावरून माझे एक मत दृढ झाले आहे. ते असे की, शाळेत संगणकभाषा शिकविताना यादीचा धडा घाईने उरकू नये. आणि मुलांच्या पहिल्या याद्या त्यांच्या पूर्ण ओळखीच्या माणसांच्या व वस्तूंच्या असाव्यात, म्हणजे यंत्राने दिलेले उत्तर खरे की खोटे, हे त्यांना स्वतः मोजून पाहता येईल. आज्ञा लिहिणे हा या विद्येचा अर्धा भाग झाला. उत्तराचा पडताळा घेणे हा दुसरा अर्धा भाग, आणि तो बहुधा कोणीच शिकवीत नाही.

याचे कारण असे की यादीत होणाऱ्या चुका दोन जातींच्या असतात. काही बोलक्या, काही मुक्या. बोलक्या चुकांचे भय नाही. उदाहरणार्थ, पायथनमध्ये यादीतील पहिल्या नावाचा क्रमांक एक नसून शून्य असतो. हे ऐकून मुले चकित होतात, परंतु चऱ्होलीत हल्ली ज्या उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत, त्यांतील मुलांस ते चटकन पटते. तळमजला आधी, मग पहिला मजला. क्रमांक हा आरंभापासून किती दूर आलो, हे सांगतो. आरंभी उभा असलेला कोठेच दूर गेलेला नसतो. त्याचप्रमाणे शेवटून मोजावयाचे झाल्यास उणे एक, उणे दोन असे क्रमांक द्यावे लागतात. येथे मला आषाढी वारीची आठवण होते. आळंदीहून निघालेल्या पालखी सोहळ्यातील दिंड्यांस 'रथापुढील' आणि 'रथामागील' असे वेगवेगळे क्रमांक असतात. नुसता आकडा सांगून भागत नाही. कोणत्या बाजूने मोजावयाचे, हेही सांगावे लागते. यादीतील उणे चिन्ह हेच काम करिते. आता चाळीस नावांच्या यादीत कोणी चाळीस क्रमांकाचे नाव मागितले, तर शेवटचा क्रमांक एकोणचाळीस असल्यामुळे यंत्र तत्काळ थांबते आणि मर्यादा ओलांडली, असे बजाविते. ही बोलकी चूक. मुलगा हिरमुसतो, पण शिकतो.

मुक्या चुकांचे तसे नाही. यंत्र कुरकुर न करिता उत्तर देते, आणि ते उत्तर चुकीचे असते. तीन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण गळतीचे. यादीतून एकेक नाव तपासत जावे आणि गैरहजर असेल ते त्याच यादीतून काढीत जावे, असे प्रत्येक नवशिक्यास सुचते. हे मी मुलांस अंगणात करून दाखवितो, त्यास संगणक लागत नाही. खडूने शून्य ते नऊ अशी दहा घरे आखावी आणि दहा मुले त्यांत उभी करावी. दोन व तीन क्रमांकांच्या घरांतील मुले गैरहजर आहेत, असे समजावे. शिक्षकाने शून्यापासून एकेक घर तपासीत जावे. दोन क्रमांकाच्या घरातील मुलास त्याने बाहेर काढले की मागील सर्व मुले एकेक घर पुढे सरकतात, आणि तीनमधील मुलगा दोनमध्ये येतो. शिक्षक मात्र नियमाप्रमाणे तीन क्रमांकाच्या घराकडे जातो, आणि तेथे त्याला मुळात चार क्रमांकाच्या घरात असलेला मुलगा भेटतो. दुसरा गैरहजर मुलगा तपासणीतून सुटला! यावर उपाय सोपा आहे. जुन्या यादीस हात न लाविता, ठेवावयाची नावे नव्या यादीत लिहून घ्यावी. पण चूक झाली आहे, हे कळल्यावाचून उपाय कोण शोधणार?

दुसरे उदाहरण दोन नावांचे. 'नवी यादी म्हणजे जुनी यादी' अशी ओळ लिहिली की आपल्याजवळ दोन याद्या झाल्या, असे मुलांस वाटते. वस्तुतः यादी एकच राहते, नावे मात्र दोन होतात. घरी ज्याला बाळू म्हणतात आणि शाळेत बाळकृष्ण म्हणतात, त्याचे केस घरी कापले, तर तो शाळेत वाढलेले केस घेऊन येईल काय? नव्या यादीतून नाव खोडले की जुनीतूनही ते जाते. निराळी प्रत हवी असेल तर 'कॉपी' अशी स्पष्ट आज्ञा द्यावी लागते.

तिसरे उदाहरण क्रमाचे. नावे वर्णानुक्रमाने लावण्यास सांगितले असता यंत्र अक्षरांचे क्रमांक पाहते, आपली वर्णमाला पाहत नाही. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो. युनिकोडमध्ये ळ चा क्रमांक २३५५, तर व चा २३५७. म्हणून यंत्र काळे यांस कावरे यांच्या आधी बसविते. क्षीरसागर हे नाव आपण क्ष च्या खाली शेवटी शोधतो, आणि यंत्र ते क च्या परिवारात, खरात यांच्या आधी ठेविते. इंग्रजी पुस्तकांतील उदाहरणे वाचून हे कधीच कळणार नाही. आपल्या भाषेतील नावांची यादी आपणच केली, तरच ते कळेल. 'चऱ्होली' या शब्दाची लांबी यंत्रास विचारून पाहा. तुम्ही तीन म्हणाल. ते सात म्हणेल, कारण काना-मात्रा-वेलांट्या व हलन्तचिन्ह हे सर्व ते वेगवेगळे मोजते.

यावर पालकांपैकी काहींचा आक्षेप मला ठाऊक आहे. ते म्हणतात, "गुरुजी, हल्ली मराठीत सांगितले की आज्ञावली आपोआप लिहून देणारी यंत्रे निघाली आहेत. मग मुलांनी खडूची घरे आखून वेळ का दवडावा?" हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अशी यंत्रे निघाली आहेत, आणि ती पुष्कळ वेळा उत्तम लिहितात, हे मीही पाहिले आहे. परंतु आमची दहा ओळींची आज्ञावलीदेखील निर्दोषच होती. तीत एकही चूक नव्हती. चूक होती ती यादीत भरलेल्या अक्षरांत, आणि उत्तर न मोजण्याच्या माझ्या आळसात. आज्ञावली कोणीही लिहो, चऱ्होलीची मुले अकरा आहेत, हे शाळेतील माणसांसच ठाऊक असावयाचे. लिहिण्याचे श्रम जसजसे कमी होतील, तसतशी पडताळ्याची गरज वाढेल, असे मला वाटते.

दुसरा आक्षेप वेळेचा. परीक्षा जवळ येते, अभ्यासक्रम मोठा, संगणक थोडे आणि मुले फार. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली सहावी ते आठवीच्या टप्प्यात या विद्येचा समावेश करावा असे म्हटल्यापासून घाई अधिकच वाढली आहे. सुट्टीतील वर्गांत तर थोड्या आठवड्यांत खेळ रचून प्रमाणपत्र मिळविण्याची चढाओढ असते. मी प्रमाणपत्राच्या विरुद्ध नाही. पण ज्या मुलाने खेळ रचला आणि तीन नावांची यादी मोजून पाहिली नाही, त्याला घर बांधण्यापूर्वी रंग देण्याची घाई झाली, असे म्हणावे लागते. शिवाय यादीचा पाया घालण्यास संगणक फारसा लागतच नाही. अंगण, खडू आणि दहा मुले एवढी सामग्री प्रत्येक शाळेपाशी आहे.

पालकांस मी एक गोष्ट आवर्जून विचारतो. आपणांपैकी पुष्कळजण भोसरीच्या किंवा चाकणच्या कारखान्यांत काम करिता. तेथील भांडारात सुट्या भागांच्या याद्या संगणकावर असतातच. तरीही ठराविक काळाने माणसे फळ्यांपुढे उभी राहून नटबोल्ट हाताने मोजतात की नाही? एका पालकांनी मला सांगितले, "गुरुजी, संगणकात माल आहे आणि फळीवर नाही, असे झाले की सगळे काम अडते. म्हणून मोजल्याशिवाय सही नाही." हे वाक्य मी वर्गाच्या फळ्यावर लिहून ठेविले आहे. आपण कारखान्यात जे पाळता, ते घरी मुलांस शिकवा. किराण्याची यादी त्यास करू द्या, आणि पिशवी घरी आल्यावर जिन्नस यादीशी ताडून पाहण्यास लावा. संगणकविद्येचा हा पहिला धडा स्वयंपाकघरातही घेता येतो.

आता विद्यार्थिमित्रहो, दोन शब्द तुमच्यासाठी. यादी करण्यापूर्वी उत्तर किती यावे, याचा अंदाज कागदावर लिहा. उत्तर आले की ते अंदाजाशी ताडून पाहा. एक नाव गळलेले आढळले तर ते नुसते हाताने जोडू नका. ते का गळले, हे शोधा, आणि त्याच कारणाने आणखी कोण गळले असेल, हे पाहा. आणि तुमच्यापैकी जे कमी बोलतात, त्यांस माझे मुद्दाम सांगणे आहे की, यादीत आपले नाव नसले तर चूक आपलीच असेल, असे समजून गप्प बसू नका. उभे राहा आणि विचारा. यादी माणसांनी केलेली असते, आणि ती दुरुस्त करणे हे माणसांचेच काम आहे.

ती मुलगी आता आमच्या वर्गाची यादीप्रमुख आहे. गावांची नावे तपासणारी एक नवी आज्ञावली तिने मैत्रिणींच्या मदतीने लिहिली आहे. पुढेमागे पडलेल्या कोऱ्या जागा ती काढून टाकिते, आणि गावाचे नाव ठरलेल्या नावांत न सापडल्यास ते गाळण्याऐवजी वेगळे काढून दाखविते. तरीही पाऊस लागला आणि शाळा लवकर सुटली की ती यंत्राचे उत्तर वाचून झाल्यावर ओटीवर उभी राहते आणि बोटाने मुले मोजते. अकरा झाल्याशिवाय चऱ्होलीचा गट फाटकाबाहेर पडत नाही.